मे महिन्यातलं कोकण आणि कॅम्पिंगचा इलेक्ट्रिक कूल बॉक्स

कोकणात कॅम्पिंगसाठी इलेक्ट्रिक कूल बॉक्स घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा घेऊ?" लिटर सगळ्यात शेवटी ठरवायचे. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. बॉक्सच्या बाहेर किती उकडणार आहे? आणि गाडीचं इंजिन बंद झाल्यावर वीज कुठून येणार आहे? या दोन उत्तरांवर बॉक्सचा प्रकार ठरतो. प्रकार चुकला, तर चाळीस लिटरच्या नव्याकोऱ्या बॉक्सातली सुरमईही दुसऱ्या दिवशी सकाळी वास मारू लागते.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. हा बॉक्स थंड वस्तू थंड ठेवतो. गरम वस्तू झटपट थंड करणं त्याच्या आवाक्यात नाही. दहा लिटर पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं, तर त्यातून सुमारे २९० वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते (हजार वॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट). छोट्या बॉक्सला त्यासाठी बरेच तास लागतात, आणि तेवढा वेळ आतल्या बाकीच्या वस्तूही गरमच राहतात. निघायच्या दिवशी कोमट बाटल्या भरणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक असते.

बॉक्स लागणार आहे का?

एका रात्रीचा मुक्काम असेल, तर बऱ्याचदा नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-तास उष्णता शोषून घेतो. म्हणजे जाड भिंतीच्या साध्या आइस बॉक्समध्ये पाच किलो बर्फ टाकला, की साडेचारशे वॉट-तासांहून जास्त थंडावा सोबत आला. ना वायर, ना बॅटरी. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा मासेमारीच्या बंदरांच्या आसपास बर्फ मिळतो. लादी घेतली तर जास्त टिकते, चुरा घेतला तर मासा लवकर गार होतो.

दोनपेक्षा जास्त रात्री राहायचं असेल, लहान बाळाचं दूध किंवा इन्सुलिन सोबत असेल, किंवा परतताना मुंबई-पुण्यापर्यंत मासळी न्यायची असेल, तर मात्र इलेक्ट्रिक बॉक्सचा खर्च सार्थकी लागतो. बर्फाचं पाणी होतं, त्यात कोथिंबीर आणि पाव भिजतात, आणि तिसऱ्या दिवशी बर्फ शोधत फिरावं लागतं. तो त्रास या बॉक्सामुळे वाचतो.

तीन प्रकार, आणि कोकणात चालणारा एक

स्वस्तातला, वजनाला हलका, वीस लिटरचा, चार-पाच किलोचा बॉक्स दिसला, तर तो बहुधा थर्मोइलेक्ट्रिक असतो. याला पेल्टियर बॉक्सही म्हणतात. फ्रान्सच्या जाँ पेल्टियर यांना १८३४ साली आढळलेल्या परिणामावर तो चालतो. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज गेली, की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. गॅस नाही, कंप्रेसर नाही, फक्त पंखा फिरतो. पण याची मर्यादा कडक आहे. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार तर १५ ते २० अंशांनी कमी होतं, त्याखाली ते जातच नाही.

हा हिशोब मे महिन्याच्या कोकणात मांडून बघा. सावलीत ३३ अंश असतील, तर बॉक्सात १३ ते १८. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ५०च्या पुढे सहज जातो, तेव्हा बॉक्सात ३० किंवा त्याहून जास्त. मासळीला ० ते ४ अंश लागतात, दुधाला ४-५ अंशांच्या आसपास. म्हणजे पेल्टियर बॉक्समध्ये सरबत बरं राहील, फळं राहतील, चॉकलेट वितळणार नाही. मासळी, मटण, दूध आणि सोलकढी त्याच्या भरवशावर ठेवायची नाही. सोलकढीतला नारळाचा रस तर उकाड्यात काही तासांत आंबतो.

पेल्टियरचे आणखी दोन दोष दुकानात कुणी सांगत नाही. पहिला म्हणजे, तो ४-५ अँपिअर वीज अखंड ओढत राहतो. बहुतेक मॉडेलांत थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळे पुरेसं गार झालं तरी तो थांबत नाही. दुसरा म्हणजे, वीज गेली की तोच जोड उष्णतेसाठी पूल बनतो आणि बाहेरची गरमी आत येऊ लागते. तेवढ्याच आकाराच्या साध्या आइस बॉक्सपेक्षा तो लवकर तापतो. शिवाय यात थंड आणि गरम असं एक बटण असतं. सामान भरताना ते चुकून गरमकडे सरकलं, की आतलं दूध तापवत तुम्ही घाट उतरता. अशा बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा.

दुसरा प्रकार कंप्रेसरचा. घरच्या फ्रीजचंच तत्त्व, फक्त कंप्रेसर १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा. बाहेर चांगलंच उकडलं तरी आत ४ अंश ठेवतो, आणि बहुतेक मॉडेलं उणे १८-२० पर्यंत जातात. हवं ते तापमान गाठलं की थांबतो, वाढलं की पुन्हा सुरू होतो. रिकामाच १० ते १५ किलो भरतो आणि पेल्टियरच्या कित्येक पट महाग असतो. तरीही कोकणात उन्हाळ्यात मासळी किंवा दूध ठेवायचं असेल, तर हाच घ्यायचा. पैसे कमी असतील तर पेल्टियर घेण्यापेक्षा चांगला आइस बॉक्स घ्या, आणि उरलेले पैसे कंप्रेसरच्या बॉक्ससाठी साठवा.

तिसरा प्रकार एलपीजी, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालतो. आवाज अजिबात नाही. पण तो अगदी सपाट जागीच नीट चालतो, उन्हाळ्यात कमी पडतो, आणि त्यात ज्योत असल्यामुळे बंद तंबूत लावता येत नाही. वाळूवरच्या मुक्कामासाठी तो विचारात घेऊ नका.

लेबलावर काय बघायचं

बॉक्सच्या मागे किंवा तळाशी एक चिठ्ठी असते. तिच्यावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, किमान तापमान. "बाहेरच्यापेक्षा २० अंश कमी" अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर तो पेल्टियर, जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो. "उणे १८" किंवा "उणे २०" असा थेट आकडा असेल, शीतकाचं (आतल्या गार करणाऱ्या गॅसचं) नाव, म्हणजे आर १३४ए किंवा आर ६००ए, दिलेलं असेल, तर तो कंप्रेसर.

दुसरी, हवामान वर्ग. एन वर्ग १६ ते ३२ अंशांसाठी, एसटी १६ ते ३८ साठी आणि टी १६ ते ४३ साठी असतो. एन वर्गाचा बॉक्स मे महिन्यात तळकोकणात नेलात, तर कंप्रेसर थांबायचं नावच घेणार नाही आणि बॅटरी रात्रीतच संपेल. एसटी कमीत कमी, टी मिळाला तर उत्तम.

तिसरी, वीज. १२ आणि २४ व्होल्टपुढे अँपिअर किंवा वॉट लिहिलेले असतात. ३५-४० लिटरच्या कंप्रेसर बॉक्सला चालू असताना ४५ ते ६० वॉट लागतात. कुणी परदेशातून आणलेला बॉक्स विकत असेल, तर सोबतचा अडॅप्टर २३० व्होल्टचा आहे ना ते वाचूनच घ्या. ११० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या प्लगमध्ये लावला की जळतो.

विजेचा हिशोब

इथे घाई करू नका. चांगला बॉक्स घेऊनही सहल बिघडते ती बहुतेक इथेच.

कंप्रेसर चालू-बंद होत राहतो. मे महिन्यात किनाऱ्यावर, सावलीत, ४ अंशांवर लावलेला ३५-४० लिटरचा बॉक्स साधारण निम्म्याहून थोडा कमी वेळ चालतो असं धरा. म्हणजे सरासरी २० ते २५ वॉट, आणि २४ तासांत ५०० ते ६०० वॉट-तास. बारा व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत दिवसाला ४० ते ५० एएच (अँपिअर-तास). जानेवारीत हाच खर्च बराच खाली येतो. झाकण सारखं उघडलं किंवा बॉक्स उन्हात ठेवला, तर तेवढाच वर जातो.

आता गाडीची बॅटरी. छोट्या हॅचबॅकमध्ये ती ३५ एएचच्या आसपास असते. कंप्रेसर बॉक्स रात्री आठ तासांत १६ एएच ओढतो, म्हणजे जवळपास अर्धी बॅटरी. बॅटरी नवी असेल तर सकाळी गाडी सुरू होईल, तीन वर्षं जुनी असेल तर खात्री नाही. पेल्टियर आठ तासांत ३२ ते ४० एएच ओढतो. म्हणजे सकाळी स्टार्टरचा नुसता टक् आवाज, आणि गाडी पुळणीवर असेल तर धक्का मारायचीही सोय नाही.

म्हणून बॉक्समध्ये बॅटरी संरक्षण असलंच पाहिजे. यात हाय, मीडियम आणि लो अशा तीन पातळ्या असतात. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण हायवर बॉक्स साधारण ११ व्होल्टच्या आसपास स्वतःहून थांबतो आणि लोवर १०च्या आसपास. गाडीच्या बॅटरीवर चालवताना नेहमी हाय. वेगळ्या लिथियम बॅटरीवर किंवा पॉवर स्टेशनवर, म्हणजे प्लग असलेल्या, उचलून नेता येणाऱ्या बॅटरीच्या पेटीवर चालवताना लो. नवखे हेच उलट करतात आणि मग बॉक्सला दोष देतात.

वेगळी बॅटरी घेणार असाल, तर १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची, म्हणजे ६०० वॉट-तास, उन्हाळ्यातला एक दिवस. त्याहून जास्त उपसली की ती लवकर म्हातारी होते. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तासांची असते आणि त्यातले हजारभर निर्धास्त वापरता येतात, म्हणजे जवळपास दोन दिवस. वजनही निम्म्याहून कमी. ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन असेल तर वीसेक तास धरा. त्याच्या २३० व्होल्टच्या प्लगला बॉक्स लावू नका. आधी १२चे २३० करायचे आणि अडॅप्टरने परत २३०चे १२ करायचे, यात वीज फुकट जाते. १२ व्होल्टच्या सॉकेटलाच जोडा.

सोलर पॅनेल चांगला आधार देतं. १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसभरात ३०० ते ३५० वॉट-तास देईल, म्हणजे बॉक्सच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. पण माडाखाली ठेवलेलं पॅनेल कामाचं नाही. झावळीची एक तिरपी सावली पॅनेलवर पडली तरी वीज फार खाली येते. बॉक्स सुरूच्या बनात सावलीला आणि पॅनेल उघड्यावर उन्हात अशी मांडणी करायची, म्हणजे मध्ये पाचेक मीटर वायर आलीच.

या वायरकडे कुणी लक्ष देत नाही. पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ५ अँपिअर गेले, तर वाटेतच सुमारे ०.६ व्होल्ट गळतात. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती ०.२३ व्होल्टवर येते. फरक थोडा वाटतो, पण बॅटरी १२.२ व्होल्टवर असताना बॉक्सपर्यंत ११.६च पोचले आणि कंप्रेसर सुरू होताना त्यात आणखी घट झाली, की संरक्षण बॉक्सला बंद करतं. बॅटरी अर्धी भरलेली असूनही बॉक्स बंद का पडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा पातळ वायर हेच असतं.

गाडीतलं सिगारेट लायटरचं सॉकेट हा दुसरा कच्चा दुवा. प्लगच्या टोकाला स्प्रिंगवरची एक छोटी पिन असते. रस्त्याच्या धक्क्यांनी ती सैल होते, खाऱ्या हवेने तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते, आणि त्या जागी उष्णता तयार होऊन प्लास्टिक मऊ पडतं. अर्धा तास चालल्यावर प्लग हाताला चटका देण्याइतका तापत असेल, तर जोड खराब आहे. नेहमी जाणार असाल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढून घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. डिकीच्या बाजूला घट्ट बसणारा अँडरसन कनेक्टर लावा. हा फ्यूज गाळून वायर ओढून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. वायर कुठे घासली, तर गाडी पेटते.

आता लिटर

दोघांना दोन दिवसांसाठी १८-२० लिटर पुरतात. चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी ३५-४०. परतताना मासळी न्यायची असेल तर दोन कप्प्यांचा, ५० लिटरच्या आसपासचा बघा, म्हणजे एकात मासळी ० अंशांवर आणि दुसऱ्यात दूध-भाजी ५ अंशांवर ठेवता येते. त्याहून मोठा घेऊ नका. भरलेला ४० लिटरचा बॉक्स तीस किलोच्या पुढे जातो आणि वाळूतून दोघांना उचलून न्यावा लागतो. चाकं असली तरी ती फरशीवर चालतात, पुळणीत रुततात.

डिकीची मापं घेऊन जा. लांबी-रुंदी बसली तरी दोन गोष्टी राहून जातात: झाकण पूर्ण उघडायला वर जागा आहे का, आणि जाळी ज्या बाजूला आहे तिथे ८-१० सेंटिमीटर मोकळे राहतात का. जाळीला बॅगा टेकल्या की गरम हवा बाहेर पडत नाही, आणि बॉक्स तीच हवा पुन्हा आत ओढत राहतो.

घेताना आणि घेतल्यावर तपासणी

दुकानात झाकणाच्या रबरात दहा रुपयांची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा शिरणार. चारही बाजूंना आणि चारही कोपऱ्यांत हे करा. कोपरे सगळ्यात आधी सैल असतात. तळाला पाणी काढायचं बूच आहे का, वायर बॉक्सपासून सुटी होते का, आणि दुरुस्ती कुठे होते, एवढं विचारून घ्या. वायर सुटी होत नसेल तर ती तुटल्यावर बॉक्सच उघडावा लागतो.

घरी आणल्यावर निदान आठवडाभर आधी अशी चाचणी घ्या:

१. बॉक्स सरळ उभा ठेवून काही तास तसाच राहू द्या. वाहतुकीत तो आडवा झालेला असेल तर कंप्रेसरमधलं तेल परत खाली यायला वेळ लागतो.
२. अडॅप्टरवर रिकामाच ४ अंशांवर लावा. दोन तासांत आतून स्पष्ट गार लागायला हवा.
३. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात वेगळा थर्मामीटर बुडवा आणि तळाशी ठेवा. पडद्यावरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो, आतल्या वस्तूंचा नाही. दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक निघाला, तर तो लक्षात ठेवून पुढे आकडा लावा.
४. पाच-सहा बाटल्या पाणी भरून २४ तास चालवा. गाडी किंवा बॅटरी जी वापरणार असाल, तिच्यावरही एक रात्र चालवा. सकाळी मल्टिमीटरने बॅटरीचा व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड १२.२च्या खाली आली असेल, तर निम्मी संपली.
५. मग बॉक्स बंद करून सहा तासांनी पेल्यातलं तापमान बघा. रात्री वीज काढून ठेवायची वेळ आली तर किती गार राहील, याचा अंदाज यातून येतो.

बंद करून लगेच सुरू करू नका. तीन ते पाच मिनिटं थांबा, नाहीतर कंप्रेसर दाबाखाली अडकून सुरूच होत नाही आणि बिघाडाचा संकेत दाखवतो.

निघताना

आदल्या रात्री बॉक्स घरच्या विजेवर लावून पूर्ण गार करा आणि सामान फ्रीजमधून थेट त्यात हलवा. मुंबईहून मालवण सुमारे ५०० किलोमीटर. हा सगळा वेळ इंजिन चालू असतं आणि बॉक्सला भरपूर वीज मिळते, तिचा फायदा घ्या. एक लिटरच्या दोन-तीन बाटल्या ९०० मिलिलिटरपर्यंतच भरा, कारण बर्फ होताना पाणी फुगतं. आत नाजूक काही नसेल तर वाटेत तापमान उणे १०च्या खाली लावून त्या गोठवा. मुक्कामाला पोचल्यावर आकडा ४ वर आणा. गोठलेल्या बाटल्या रात्रभर बॉक्सला आधार देतात आणि कंप्रेसर कमी चालतो. भाज्या, अंडी, दूध आत असताना हे करू नका.

बॉक्स पट्ट्याने बांधा. ताम्हिणी किंवा कुंभार्ली उतरताना सुटा बॉक्स डिकीत फिरतो, आणि तीस अंशांपेक्षा जास्त कलला तर कंप्रेसरला ते चालत नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की सॉकेटही मरतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर तेवढी वीज गेली तर काही बिघडत नाही. जेवायला दोन तास थांबलात आणि गाडी उन्हात असली, तर मात्र बॉक्स उतरवून सावलीत आणा.

हापूस बॉक्सात घालू नका. कच्चा आंबा थंडीत पिकत नाही, साल काळवंडते आणि चव जाते. त्याची जागा पेंढ्यातच. कापायच्या आधी तासभर पिकलेला आंबा गार करायला हरकत नाही.

आत काय कुठे

थंड हवा खाली बसते. तळाशी मासळी आणि मटण, बंद डब्यात. वर दूध, दही. कंप्रेसरच्या वर आत एक पायरीसारखा भाग असतो, तिथे जरा उबदार राहतं, तिथे भाजी आणि फळं. वस्तू भिंतींना चिकटवून ठासू नका, कारण थंडावा भिंतींतूनच येतो आणि चिकटलेली काकडी गोठते.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठता कामा नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. मासळीसाठी बॉक्स ० वर लावलेला असेल, तर त्याच कप्प्यात इन्सुलिन ठेवू नका. दोन कप्प्यांचा बॉक्स हवा किंवा वेगळा थर्मास. एका कप्प्याचाच बॉक्स असेल तर तो ४ वर लावा, इन्सुलिनची डबी वरच्या टोपलीत मधोमध ठेवा, आणि थर्मामीटर त्या डबीशेजारीच ठेवा.

मासळी

बॉक्सातली हवा माशाला सावकाश गार करते. बर्फाचा चुरा चारही बाजूंनी चिकटून तेच काम पटकन करतो. म्हणून हर्णैच्या लिलावात किंवा मालवणच्या बाजारात मासे घेतल्यावर आधी बर्फ, मग बॉक्स.

घेताना कल्ला उघडून बघा: लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत, अंग बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. तिथेच कल्ले आणि पोटातली घाण काढून घ्या, कारण मासा कुजायला सुरुवात तिथूनच होते. स्वच्छ धुऊन पाणी निथळू द्या. मग जेवढे मासे तेवढाच बर्फाचा चुरा, असं थरांत लावून अर्धा-पाऊण तास ठेवा. त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यांत किंवा जाड पिशव्यांत हवा काढून भरा आणि ० ते १ अंशावर लावलेल्या बॉक्सच्या तळाशी ठेवा. असे ठेवलेले मासे मुंबईपर्यंतचा प्रवास नीट करतात.

बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्याबाबत जास्त काळजी घ्या. हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. वास आला नाही तरी ते असू शकतं, आणि शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात पित्त उठलं. दोन तास गरम डिकीत राहिलेला बांगडा टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी.

साफ केलेल्या माशांची घाण किनाऱ्यावर टाकू नका. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वासाने आलेले कुत्रे आणि कोल्हे ती घरटी उकरतात. हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत अशा किनाऱ्यांवर तंबू, दिवे, जनरेटर काहीच लावू नका. मुक्काम वाडीत करा, बॉक्सही तिथेच राहील. इतर ठिकाणीही तंबू ठोकण्याआधी गावात विचारा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या काळात मासळीसाठी मोठा बॉक्स घेऊन जाण्यात अर्थ नाही.

किनाऱ्यावर बिघडतं ते काय

वाळू. बॉक्स थेट पुळणीवर ठेवला तर पंखा ती ओढून घेतो. पाट, फळी किंवा उलटा क्रेट घेऊन वीतभर उंच ठेवा. वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूला जाळी करा. दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो, पहाटे मतलई जमिनीवरून. म्हणजे झोपताना एकदा बॉक्स फिरवून ठेवायचा.

दमट हवा. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ओली हवा आत शिरते, भिंतींवर दंव आणि मग बर्फ धरतो. बर्फाचा थर बोटाच्या पेराएवढा झाला की थंडावा अडतो. तो सुरीने खरवडू नका, खालची नळी फुटली तर गॅस गेला. बॉक्स बंद करून वितळू द्या आणि पुसा. पोरं पाण्यासाठी सारखं झाकण उघडतात, त्यांच्या पाण्याला वेगळा साधा आइस बॉक्स किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ ठेवा.

झाकणाच्या रबरावर बाहेरून पाण्याचे थेंब दिसले, तर तिथून थंडावा गळतोय. बहुतेकदा रबरात वाळूचा कण किंवा पिशवीचा कोपरा अडकलेला असतो.

गोधडी. बॉक्स गार राहावा म्हणून लोक त्यावर गोधडी टाकतात, आणि जाळी झाकली जाते. कंपनीचं कव्हर असेल तर ते घाला, त्यात जाळीची जागा मोकळी असते. नुसती सावली मिळाली तरी पुरते, पण सूर्य फिरतो तशी तीही सरकते. सकाळी सावलीत असलेला बॉक्स दुपारी तीनला उन्हात असतो.

पडद्यावर अक्षर आणि आकड्याचा संकेत आला तर पुस्तिका बघा. तिचा मोबाइलवर आधीच फोटो काढून ठेवा, कारण किनाऱ्यावर रेंज असेलच असं नाही. बहुतेकदा तो व्होल्टेज कमी झाल्याचा संकेत असतो. वायर, प्लग, फ्यूज या क्रमाने तपासा. पंखा फिरतो, कंप्रेसर गुरगुरतो, पण गार होत नाही, असं असेल तर गॅस गेला असेल. तो किनाऱ्यावर भरता येत नाही. त्या वेळी जवळच्या बंदरावरून बर्फ आणा आणि बॉक्सचा आइस बॉक्स म्हणून वापर करा. त्याच्या जाड भिंती तेवढं काम चांगलं करतात.

परतल्यावर

त्याच दिवशी रिकामा करा. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून आतून पुसा. माशाचा वास त्याने जातो, साबणाने जात नाही. रबराच्या घडीत बोट फिरवून वाळू काढा. बाहेरून गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, विशेषतः बिजागऱ्या, कड्या आणि प्लगची पिन. पाण्याचा पाइप मारू नका. जाळीतली धूळ मऊ ब्रशने झटका.

पावसाळ्यात बॉक्स ठेवून द्यायचा असेल तर झाकण पूर्ण बंद करू नका. रबर आणि कडा यांच्यामध्ये लाकडाचा छोटा तुकडा अडकवून फट ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत आत काळी बुरशी धरलेली असते. वायर सुटी करून कोरड्या डब्यात ठेवा. लिथियम बॅटरी अर्धी भरलेली आणि लेड-ॲसिड पूर्ण भरलेली ठेवा. लेड-ॲसिडला महिन्यातून एकदा चार्जिंग लावा, आणि त्याच दिवशी बॉक्सही अर्धा तास चालवा.